नसलेल्या करंगळीचा आळ

मी एक कृत्रिम पाय बोलतोय. डावा, गुडघ्याखालचा. पाय कसा बोलेल, अशी शंका तुम्हाला आली असेल तर चांगलंच आहे. ती मलाही येते. माझ्या आत खरंच कोणी बोलणारं आहे, की मी नुसतंच प्लास्टिक आणि रबर आहे, हे मी अजून ठरवलेलं नाही.

माझा जन्म एका कार्यशाळेत झाला. तिथल्या बाईंनी माझ्या मालकाच्या पायाच्या उरलेल्या भागाभोवती ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा काढला. त्यावरून माझा वरचा पोकळ भाग, म्हणजे सॉकेट, घडवला आणि खाली रबराचं पाऊल जोडलं. पावलाला पाच बोटं कोरलेली होती. हलत मात्र एकही नव्हतं. स्वतःच्याच डोळ्यांना फसवायला माणसं किती कष्ट घेतात, असं मला तेव्हाच वाटलं.

मालक शिंपी. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. खरा पाय अपघातात गेलेला, आणि काम तर दिवसभर उभं राहून कापड बेतायचं. टेप लावल्याशिवाय तो कशावरही विश्वास ठेवत नसे. गिऱ्हाईक छातीठोकपणे सांगायचं, "कंबर बत्तीस," तरी हा मोजायचा आणि ती छत्तीस निघायची. असा माणूस मला आवडला. आमचं जमेल असं वाटलं.

आठवडाभर जमलंही. मग एका दुपारी त्याने कात्री खाली ठेवली. बायको पलीकडे मशीनवर बसली होती.

"करंगळी दुखतेय गं."

"कुठल्या हाताची?"

"पायाची. डाव्या."

तिने मशीन थांबवलं. "अहो, तो पाय आहे कुठे?"

मला संशय आला. डावी करंगळी आता माझी होती, आणि मला तर काहीच होत नव्हतं. उभं राहायचा कंटाळा आला म्हणून हा सबब काढतोय की काय?

बायकोने मात्र माझ्यावर आळ घेतला. "सॉकेट घट्ट होत असेल." मास्तरला ते लगेच पटलं. बोचतंय म्हणजे घट्ट आहे आणि घट्ट आहे म्हणजे सैल करायचं, जन्मभर त्याने दुसरं केलं काय? काहीही झालं तरी आधी मला सांगा, असं बाईंनी बजावलं होतं. पण शिंप्याने फिटिंगसाठी दुसऱ्याच्या दारात जायचं म्हणजे अब्रूचा प्रश्न. त्याने काचकागद आणला आणि मला आतून घासलं. एकदा नाही, तीनदा. करंगळी दुखतच राहिली, तेव्हा बायकोलाही माझ्यासारखाच संशय येऊ लागला.

मग तो स्वतःवरच शंका घेऊ लागला. सकाळी जाग येताना दोन्ही पाय आहेत अशी त्याची पक्की खात्री असायची. मी भिंतीशी उभा आणि मास्तर नसलेला पाय जमिनीवर टेकायला जायचा. त्यामुळे आता तो कशाचीच खात्री धरेना. एकच पँट चार चार वेळा मोजायचा. एकदा पुटपुटला, "पाय गेला, आता डोकंही चाललं वाटतं." मला भीती वाटली. पाय तरी दुसरा मिळतो.

शेवटी व्हायचं तेच झालं. सैल झालेला मी ऐन कापताना निसटलो आणि मास्तर टेबलाच्या कडेवर आपटला. हनुवटी फुटली. दुसऱ्या दिवशी बायको आम्हा दोघांना कार्यशाळेत घेऊन गेली.

बाईंनी सॉकेटमध्ये बोट फिरवलं. "हे कोणी घासलं?"

"मीच," मास्तर खाली मान घालून म्हणाला. "करंगळी दुखत होती."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला काढून दूर भिंतीशी ठेवलं. "आता दुखतेय?"

"हो."

"कुठे ते दाखवा."

मास्तरने वाकून हवेत बोट ठेवलं. पाय असता तर करंगळी जिथे आली असती, अगदी तिथे. मी तर पाच हात लांब होतो.

"पुष्कळांना होतं असं," बाई म्हणाल्या. "पाय जातो, पण मेंदूतली त्याची जागा जात नाही. यावर उपचार आहेत."

"म्हणजे हे खोटं बोलत नव्हते?" बायकोने विचारलं.

"जागा चुकतेय त्यांची. दुखणं खरं आहे."

मास्तर रडला. मला माझी लाज वाटली. त्याने सगळ्यावर शंका घेतली होती, फक्त दुखतंय एवढ्यावर ती घेता येत नव्हती. आणि नेमकं तेच आम्ही कोणी मानलं नव्हतं.

आता मी कार्यशाळेच्या फळीवर पडून आहे. माझं पाऊल मास्तरच्या नव्या सॉकेटला लावणार आहेत. मी पावलाबरोबर जाईन की इथेच राहीन, मला ठाऊक नाही. शंका जरूर घ्या, माझ्यावरही घ्या. पण कोणी दुखतंय म्हणालं, तर त्याच्याकडे पुरावा मागू नका.

त्या दिवशी निघण्याआधी बायको मास्तरसमोर उकिडवी बसली आणि त्याने दाखवलेल्या रिकाम्या जागी हळूहळू हवा चोळू लागली.

"इथे का हो?"

"थोडं डावीकडे," मास्तर म्हणाला, आणि तिने हात डावीकडे सरकवला.