काजवेबाबांची मूठ

अंधाऱ्या खोलीत चाळीसेक माणसं श्वास रोखून बसली होती. काजवेबाबांच्या मुठीतून जांभळट उजेड पडला आणि माझ्या पाच महिन्यांच्या लेकीचा लंगोट निखाऱ्यासारखा लाल पेटला. लोकांचे पांढरे सदरे मात्र निळसर चमकत होते. निळं ते पुण्य, लाल तो शाप, अशी बाबांची वर्गवारी. उतारा सोपा : एकवीस दिवस पोरीला उघडं उन्हात निजवा. फोड आले तर शाप बाहेर पडतोय, म्हणून आनंद माना.

फोड आले. मी तिला सावलीत ओढायचे, सासूबाई उन्हात न्यायच्या. चार बुकं शिकलीस म्हणून सगळं कळतं का, हे वर होतंच. इकडे लंगोटांवरचे गुलाबी डाग धुऊन निघत नव्हते.

शेवटी मी पोरीच्या लघवीची बाटली प्रयोगशाळेत दिली. अहवाल निर्दोष आला. बाबांना तेवढंच हवं होतं. यंत्राला शाप दिसत नसतो म्हणे.

मला चैन पडेना. पोरीला घेऊन पुन्हा गेले. माझी फजिती पाहायला सासूबाईही आल्या. तपासनीस बाईंनी एकच विचारलं, "बाटली कुठे ठेवली होती?"

"खिडकीत," सासूबाई म्हणाल्या. "दिवसभर उन्हात. शुद्ध व्हायला नको?"

"मग काय सापडणार? शोधायचं होतं तेच उन्हानं मोडलं."

बाईंनी काळा कागद गुंडाळलेली नवी बाटली दिली. तिथेच बसून, पोरीच्या लघवीची वाट बघत, आम्ही ती भरली. बाईंनी खोलीत अंधार केला, खणातून दिवा काढला आणि कागद सोडवून बाटलीवर धरला. तोच जांभळा उजेड, तोच लाल निखारा. मग दिवा सासूबाईंच्या रुमालावर धरला. रुमाल निळा चमकला.

"हे माझं पुण्य?"

"नाही हो आजी, तुमच्या धुण्याच्या पावडरीचं. आणि हा दिवा नोटा तपासायला दुकानदार वापरतात."

पुढे रक्त तपासून निदान पक्कं झालं. रक्ताचा रंग तयार होताना एक पायरी अडते, अर्धवट रंगद्रव्य अंगात साठतं आणि ऊन लागलं की कातडी भाजते. आजार दुर्मिळ, पण सावलीत जपता येणारा. आम्ही मात्र नऊ दिवस तिला उन्हात भाजत होतो. ते व्रण राहतील.

सासूबाईंनी खिडक्यांना जाड पडदे शिवले. पुढच्या बैठकीला गेल्या आणि भर गर्दीत म्हणाल्या, "महाराज, मूठ उघडा. नोटा तपासायच्यात."

मूठ उघडेना.

तुमच्या दारीही कुणी असा उजेड पाडेल. हात जोडण्याआधी त्याला मूठ उघडायला सांगा. आणि लेकराला आधी दवाखान्यात न्या.