सीतेच्या वेणीचा निवाडा

सोलापुरातला मार्शल लॉ उठून वर्ष होत आलं होतं. पण तेव्हापासून आमच्या गिरणीच्या चाळीनं एवढी गर्दी पाहिली नव्हती. नळावर घागरी तशाच सोडून बायका गुंडा नावाच्या आमच्या शेजाऱ्याच्या ओट्यापुढं दाटल्या होत्या. काय तर म्हणे, सीतेची वेणी फुलली! तुळईला टांगलेला एक ओंडका, त्याला चिकटलेलं झाड, ना माती ना कुंडी, मुळं वाऱ्यावर. आणि त्यातून हातभर गुलाबी-पांढरा घोस लोंबतोय. झाडाला हळदकुंकू वाहून झालं की बायका गुंडाच्या बायकोच्या, दाक्षायणीच्या पाया पडत होत्या. तीही पाय पुढं करून बसली होती.

ही झाडं गेल्या दिवाळीत तळ्याकाठच्या मठातल्या वेणीबुवानं चाळीत वाटली होती. घाटात ही आमरीची जात झाडाझाडावर लोंबते. आमच्या सोलापुरात ती कुणाच्या बापानं पाहिलेली नाही, म्हणून बुवा सांगेल ते खरं. "जिचं मन नवऱ्याच्या पायाशी, तिच्याच घरी ही फुलती. रामाच्या घरचं झाड हाय, खोटं खपवून घेत न्हाय!"

भिंतीपलीकडं गुंडाचा थोरला भाऊ मायाप्पा राहायचा. त्याच्या घरीही तेच झाड. त्याला एक कळी नाही.

मायाप्पा मुळातच संशयी. बायको रंभाबाई विड्यांच्या कारखान्यात जाते, चार माणसांशी हसून बोलते, हे त्याच्या छातीत सहा वर्षं जळत होतं. आता त्याला देवाची साक्ष मिळाली.

"कोन हाय त्यो?" तो सगळ्यांदेखत ओरडला. "नाव घे त्याचं!"

"गिरणीच्या भोंग्याचं घेऊ?" रंभा म्हणाली. "रोज त्याच्याच हाकेला उटतीया मी."

"अक्का, माज्यावर जळू नगा," दाक्षायणीनं ओट्यावरून टोमणा टाकला. "मन साफ ठेवा, आपसूक फुलंल."

तेवढ्यात बुवा आलाच. डोळे मिटले, हुंकार सोडला. "घोर दोष! बाईनं सव्वा महिना मठात ऱ्हाऊन आमची सेवा करावी. मगच झडंल." आणि बायकोनं विडीच्या सुपातून मान वर केली तरी ज्याचं पित्त खवळायचं, तो मायाप्पा तिला या दांडग्याच्या मठात घालायला तयार झाला! मत्सरानं माणूस आंधळा होतो म्हणतात. हा तर पुरता गाढव झाला होता.

रंभानं आईला बोलावणं धाडलं. तिची आई ईरम्मा अक्कलकोटकडची, वीस वर्षं एका साहेबाच्या बंगल्यात झाडांना पाणी घातलेली. तिसऱ्या दिवशी बुवा रंभाला न्यायला आला तेव्हाच ती पोचली, आणि त्याच्या पाया न पडता थेट लेकीच्या देवघरात शिरली. झाड बघायला भर दुपारी कंदील लागला.

"खायला काय घालतीस ह्येला?"

"बुवानं सांगितल्यापरमानं. आटवड्यातनं दोनदा पेंडीचं पानी."

"आनि दाक्षायणी, तू?"

"महिन्यातनं एकदा शेनाचं निवळ पानी. बुवाच बोलले तसं."

ईरम्मानं लेकीचं झाड बाहेर आणून जावेच्या झाडाशेजारी धरलं. "पानं बगा. हिची काळीभोर, गुबगुबीत. तिची पिवळट, राठ, पन फुलावर. हे खाऊन माजलंय आनि उजेडाला उपाशी हाय. फुलंल कसं?"

"म्हातारे, लेकीचं पाप झाडावर ढकलतीस?" बुवा गरजला.

"मग तुमच्या मठात बगू की, चला."

सगळी चाळ निघाली. बुवा वाटेत चारदा म्हणाला, आज मुहूर्त नाही. मठामागं विरळ लिंबाखाली, उगवतीच्या बाजूला बारा ओंडके टांगलेले. बाराच्या बारांना घोस. मागच्या अंधाऱ्या पडवीत तेवढेच ओंडके, तुकतुकीत पानांचे. कळी औषधाला नाही. खाली आंबलेल्या पेंडीचं मडकं.

ईरम्मानं पदर खोचला. "बुवा, तुमचं लगीन झालंय?"

"आमी बालब्रह्मचारी!"

"मग ह्या बारा घोसांच्या बारा पतिव्रता कुटं ठिवल्यात?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. बुवा चाचरला, "ती… ती देवीची कृपा हाय."

"आनि पडवीत? तितं देवी बाहेरख्याली झाली व्हय?"

मग हसू आवरेना. खरी लबाडी तेव्हा माझ्या ध्यानात आली. झाड कुठं टांगायचं, काय घालायचं, हे बुवा घरोघर जाऊन स्वतः सांगत होता. पाया पडली तिला ओटा. तोंडावर हसली तिला देवघर आणि पेंड. रंभा दिवाळीत, झाड घेतानाच हसली होती. उजेड आणि खत बुवाच्या हातात, म्हणून बायकांची अब्रूही त्याच्याच हातात.

बुवा मठात शिरला, कडी लावून बसला. मायाप्पा खाली मान घालून रंभाजवळ आला.

"चल घरी. कळलं मला."

"तुमाला झाडाचं कळलं," ती म्हणाली. "माजं काय कळलं?"

ती आईबरोबर अक्कलकोटला गेली. तो तीनदा आणायला जाऊन आला आहे; ती अजून आलेली नाही, आणि मी तिला दोष देत नाही.

वाचणाऱ्यांनो, झाड फुलत नसेल तर त्याला उजेडात न्या, खत कमी करा. आणि बुवा जो नियम तुमच्या बायकोला लावतो, तो त्याच्या स्वतःच्या अंगणात टिकतो का, हे डोळ्यांनी जाऊन बघा. आमच्या चाळीपासून मठ अर्धा कोस. तेवढं चालायचा कंटाळा केला म्हणून मायाप्पा सहा वर्षांचा संसार बुवाला देऊन टाकत होता.