वस्तादांचा ठिपका

कादरने स्क्रू ड्रायव्हर मडगार्डवर आपटला आणि बोनेटमधून डोकं बाहेर काढलं. मॉरिस पुन्हा बंद पडली होती. जाता जाता तिने काळ्या धुराचा असा लोट सोडला की समोरच्या साळूबाईंनी दोरीवरचं धुणं एक अक्षर न बोलता गोळा करून आत नेलं. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर कादरला बरं वाटलं असतं.

दाराशी बाजेवर बसलेल्या रंगनाथ वस्तादांनी मान वर केली. मोतीबिंदूने त्यांना आता गाडीचा नुसता आकार दिसे, पण कान शाबूत होते.

"गेली?"

"गेली."

"चढावर नेली हुतीस का?"

"चांदबिबीच्या महालाकडं. निम्म्या चढात गुदमरली. उतारानं मागं घेतली, तवा कुठं घरी आली."

वस्तादांनी मान पुन्हा खाली घातली. कादरला त्या खाली घातलेल्या मानेचाही राग आला, आणि मग आपल्याला राग आला याचा राग आला.

सकाळीच गाडीचा मालक गोरक्षनाथ येऊन गेला होता. कोपरगावकडची ऊसवाली असामी. वडील वारल्यापासून ही मॉरिस गुऱ्हाळाच्या छपराखाली उभी होती. आईने हट्ट धरला म्हणून त्याने ती नगरला आणून टाकली. आज येताना वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं त्याने बाकावर ठेवलं. आत जीपचा कार्बोरेटर होता.

"मिस्त्री, दिस मावळायच्या आत झाली तर झाली. न्हाई तर हा बसवा," तो म्हणाला. "म्हातारीला ह्याच गाडीतनं मढीला दर्शनाला जायचंय. करंजीच्या घाटात तिला बसवून ठिवू का मी?"

"हिचा मूळचा कार्बोरेटर हाय, मालक. असला आता मिळत न्हाई."

"न मिळंना. घाटात त्याची पूजा घालू का?"

तो गेल्यावर बाजेवरून आवाज आला होता, "कादर, त्या गाडीला जीपचं बोचकं लावलंस तर मी पुन्यांदा ह्या दारात पाय ठेवनार न्हाई."

अशी अडकित्त्यात सुपारी सापडली होती. वस्तादांनी आयुष्यात दुरुस्त केलेल्या गाड्यांपैकी ही एकच उरलेली. बाकीच्या सगळ्या भंगारात गेल्या. ती आल्यापासून म्हातारा रोज न चुकता काठी टेकत गॅरेजात येऊन बसत होता. जेवणाचा डबासुद्धा इथेच मागवायचा.

खरं तर कार्बोरेटर म्हणजे यंत्र केवढंसं. वर पितळेच्या भांड्यात एक दट्ट्या वरखाली होतो, दट्ट्याच्या पोटात एक सुई, आणि सुईचं टोक खाली जेटच्या भोकात. सुई वर जाडसर, खाली निमुळती. रेस वाढली की दट्ट्या सुईला वर ओढतो, भोक मोकळं होतं, पेट्रोल जास्त येतं. याच्यापलीकडे त्यात काही नाही. कादर ते डोळे झाकून खोलून जोडत असे. पण या खेपेला जेटखालची, पेट्रोल कमीजास्त करायची चाकी सैल केली की गाडी उभ्या जागी गोड चाले आणि चढाला काळा धूर ओकत गुदमरे. चाकी आवळली की चढाला जरा बरी, पण उभी केली की मरे. आखूड पांघरुणासारखं झालं होतं. डोकं झाकावं तर पाय उघडे.

त्याने जेट घोड्याच्या शेपटीच्या केसाने साफ केलं. तार घातली की भोक वाढतं, हे वस्तादांनीच शिकवलेलं. सगळे वायसर नवे कातरून घातले. पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट फुटलाय का म्हणून गरम पाण्यात बुडवून बुडबुडा येतो का पाहिलं. हवा कुठे गळते का म्हणून सांध्यांना साबण लावला. सगळं जिथल्या तिथे होतं, आणि गाडी चालत नव्हती. तिने आपल्यावर डूख धरलाय, असंच आता कादरला वाटू लागलं होतं.

सुई मात्र तो दर वेळी नुसती पुसून बाजूला ठेवी. तिच्या दांडीवर पंचाच्या टोकदार खिळ्याने ठोकलेला बारीक ठिपका होता. वस्ताद ज्या कामाला हात लावत, त्यावर असा ठिपका मारत. म्हणजे हे झालं, यात पुन्हा बघायचं नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेला कुणीही ठिपक्याच्या कामावर माप धरत नसे. ते थोरल्यांनी ताटात वाढलेली भाकरी मोजण्यासारखं होतं.

जेवण झालं. वस्ताद भिंतीला टेकून पेंगू लागले. कादर तावातावाने बाक आवरायला लागला, आणि जुन्या डब्यात त्याला भंगारातल्या दुसऱ्या मॉरिसची सुई सापडली. त्याने एकदा बाजेकडे पाहिलं. मग चोरी केल्यासारखा दाराकडे पाठ करून दोन्ही सुया खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या.

ठिपक्याची सुई पोटात बारीक होती. कानस मारून, पॉलिश करून, मोठ्या सफाईने बारीक केलेली.

त्याला लगेच उलगडलं. लढाईच्या दिवसांत पेट्रोल कुपनावर मिळे, तेव्हा लोक त्यात रॉकेल मिसळून गाड्या हाकत. ते जड तेल जास्त यावं म्हणून मिस्त्री सुया घासून देत. वस्तादच तर हे किस्से रंगवून सांगत. लढाई संपली, रॉकेल गेलं, सुई तशीच राहिली. कोपरगावच्या सपाटीवर सावकाश चालणाऱ्या गाडीला चढ कधी लागलाच नाही. धुराला मालक म्हातारपण म्हणाला असेल. कादरला संताप आला. इतका वेळ आपण एका ठिपक्यापायी भिंतीवर डोकं आपटत होतो. पण मागे वळला तर वस्ताद तोंड उघडं टाकून लहान मुलासारखे झोपलेले. संताप कुणावर काढायचा?

त्याने भंगारातली सुई बसवली आणि हँडल मारलं. मॉरिस लागली. रेस दिली, सोडली, पुन्हा दिली. ना धूर, ना धाप.

"लागली," वस्ताद जागे होत म्हणाले. "अशीच वाजायची ती. ह्या आवाजाला घाट काय करतोय? काय काढलंस?"

कादरने इंजिन बंद केलं. "सुई बदलली, वस्ताद."

"दे हिकडं."

न देऊन चालणार नव्हतं. वस्तादांनी सुई चिमटीत धरून टोकाकडून वर बोट फिरवलं. बोट मध्येच थांबलं.

"हिला कुन्या गाढवानं कानस मारली?"

कादरने हात चिंधीला पुसले. स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिला.

"माझ्याच हातनं झालं," तो म्हणाला.

"तुझ्या? अरं, सुईला कानस लावत्यात का? हेच शिकवलं का मी? दुसऱ्याची गाडी हाय, बापाचा माल न्हवं..." वस्तादांचा आवाज चढला होता. बोलता बोलता त्यांचा अंगठा सवयीने दांडीवर सरकला आणि तिथेच राहिला. अंगठा त्या एका जागी पुन्हा पुन्हा फिरत होता.

बाहेरून एक टांगा गेला.

"कादर," ते म्हणाले, "पेट्रोल कुपनावर मिळायचं, त्या साली तू कुठं हुतास रं?"

दुसरं खोटं कादरच्या तोंडून निघेना.

"पारनेरला," तो म्हणाला. "बकऱ्या राखीत हुतो."

वस्तादांनी मान हलवली. बंडीच्या खिशात हात घालून त्यांनी आपला पंच काढला, बाजेच्या कडेवर ठेवला, आणि रिकाम्या झालेल्या खिशात ती सुई टाकली.

"नवी सुई भाईर काढ. ठिपका मारून मग बसव."

"तुमी मारा. मी आनतो काढून."

"मला काय दिसतंय?" वस्ताद काठी चाचपत म्हणाले. "तुझा मार."

कादरने पंच उचलला. तो गरम होता, खिशातल्या उबेने. त्याने आधी जीपच्या कार्बोरेटरचं पुडकं बाकाखाली सारलं आणि मग बोनेटमध्ये वाकला.