सोप्या वाक्यांची स्वीडिश

उत्तर स्वीडनमधल्या हेर्नेसान्दच्या बंदिस्त तलावावर मायवोर शोलिन मुलांना पोहायला शिकवायची आणि घरी आली की स्वतः भाषा शिकायची. फिनिश, इटालियन, पोर्तुगीज. वर्गाची पायरी ती कधी चढली नव्हती. पुस्तकं, कानात लावून ऐकायचे धडे आणि इंटरनेटवर गाठ पडलेली चार माणसं, एवढ्या भांडवलावर तिनं आणि तिच्या धाकट्या भावानं, स्टाफाननं, हा उद्योग मांडला होता. दुपारी तीनलाच दिवे लावावे लागतात त्या दिवसांत माणसानं काहीतरी धरून बसावं लागतं. कुणी विणकाम धरतं, कुणी बाटली. या दोघांनी भाषा धरल्या.

स्टाफान अधूनमधून फोन करायचा आणि हॅलो न म्हणता थेट फिनिशच सुरू करायचा. त्याचे उच्चार म्हणजे देवाची करणी.

"तुझी फिनिश ऐकली ना, तर फिनलंडच्या बोटीवरूनच परत पाठवतील तुला," मायवोर म्हणायची.

"पाठवू देत. तू विभक्ती घोकत बस. तोवर मी तिकडे जाऊन, बिअर मागवून, पिऊन परतसुद्धा येईन."

त्याला चुकायची लाज नव्हती. तिला होती. त्यामुळे पुस्तकात ती नेहमी पुढे असायची आणि माणसांशी बोलायला तो.

नोव्हेंबरात दारातला बर्फ उपसताना स्टाफान खाली बसला, मग आडवा झाला, आणि त्याची बायको बार्ब्रो धावत बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मायवोर रडली नाही. चर्चमधून परतल्यावर कॉफी झाली, कोळंबी लावलेला सँडविचचा मोठा केक कापला गेला, आणि जो येईल तो तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "फार लवकर गेला गं." तीही म्हणत राहिली, "हो, लवकर गेला." सोमवारी ती तलावावर हजर होती. संध्याकाळी तिनं फिनिशचं पुस्तक उघडलं आणि जिथं खूण होती तिथून पुढचा धडा वाचला.

हिवाळाभर तिनं काही मोडू दिलं नाही. सकाळी बसस्टॉपपर्यंत चालताना कानात पोर्तुगीज, जेवणाच्या सुट्टीत इटालियन, रात्रीच्या जेवणाआधी फिनिश. शब्द पाठ होत होते. गारठून बधिर झालेल्या बोटांनी कोटाची बटणं लावावीत तसे: लागत होती, पण हाताला कळत नव्हतं. पूर्वी एखादं अडलेलं वाक्य अचानक समजलं की तिच्या अंगावर काटा यायचा. आता समजलं काय आणि नाही काय. उत्साह टिकवायचे उपाय तिनं वाचले, करूनही पाहिले. पुस्तक बदललं, फ्रिजवर आणि कपाटांवर चिठ्ठ्या डकवल्या, धडा संपला की स्वतःला वेलचीचा बन बक्षीस दिला. बन खाल्ला. तो बनासारखा लागला.

"अजून चाललंय तुझं?" बार्ब्रोनं एकदा टेबलावरची पुस्तकं पाहून विचारलं.

"हो."

"कशाला गं?"

मायवोरनं कॉफी ओतली.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी तिनं पुस्तक उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फ्रिजवरच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. तिला वाटलं होतं वाईट वाटेल, निदान हलकं तरी वाटेल. दोन्ही झालं नाही. ती खिडकीशी बसून समोरचा गोठलेला उपसागर बघत राहायची आणि वेळ झाली की झोपायची.

त्या रविवारी फोन वाजला. पलीकडे ओर्नेला होती.

इंटरनेटवर भेटलेल्या त्या चार माणसांतली ओर्नेला एक, इटलीतल्या उदिनेजवळच्या एका गावची. नवऱ्याबरोबर तिनं जन्मभर खाटकाचं दुकान चालवलेलं. मुलगी स्वीडनमध्ये माल्मोला नांदत होती, आणि चार वर्षांचा नातू एलियो आजीशी इटालियन बोलायला साफ नकार देत होता. तेव्हा आजीनं कंबर कसली. दर रविवारी अर्धा तास मायवोरनं इटालियन बोलायचं, अर्धा तास ओर्नेलानं स्वीडिश. आणि स्वीडिशच्या अर्ध्या तासात इटालियनचा एक शब्द चालणार नाही, हा नियम ओर्नेलाचाच.

"कुठे मेलीस? मी तासभर कॅमेऱ्यासमोर लिपस्टिक लावून बसलेय!" ती इटालियनमध्ये कडाडली.

"मी सोडलं सगळं, ओर्नेला. तुला कळवायला हवं होतं."

"काय सोडलं?"

"भाषा. मन लागत नाही."

"मन!" ओर्नेलानं नाक मुरडलं. "अगं, तुझी इटालियन आधीही रेल्वेच्या घोषणेसारखीच होती. सगळं बरोबर, आणि गाडीत माणूस नाही. तू सोड, खुशाल सोड. पण माझं काय? मे महिन्यात मी माल्मोला जातेय. पोरगं मला काही विचारेल आणि मी काय, गाईसारखी बघत उभी राहू?"

मायवोरला नाही म्हणायचे कष्ट नकोसे वाटले. म्हणून ती हो म्हणाली.

मग फक्त ओर्नेलाची स्वीडिश सुरू राहिली. नवशिक्यांच्या पुस्तकातले प्रश्न होते. तुझं नाव काय, तू कुठे राहतेस, तुला काय आवडतं. ओर्नेला ते मांस तोडल्यासारखे तोडून विचारायची, आणि मायवोर लहान लहान, स्वच्छ वाक्यांत उत्तरं द्यायची. मार्चच्या सुरुवातीला घरच्या माणसांचा धडा आला.

"तुला... भाऊ... आहे?" ओर्नेलानं चष्मा सावरत विचारलं.

"एक भाऊ होता. तो गेला."

ओर्नेलाचा चेहरा खुलला. हे क्रियापद तिला येत होतं. "गेला! कुठे गेला? कामाला गेला?"

"नाही. म्हणजे... तो गेला. आता नाही."

"हां, आता नाही. संध्याकाळी येतो?"

मायवोर इटालियनमध्ये सांगून मोकळी झाली असती, पण नियम होता. आणि तिच्यासारख्या बाईला नियम मोडवत नाही. पुस्तकातलाच शब्द शोधायला हवा होता, नवशिक्यालाही कळेल असा. असा शब्द एकच होता. चर्चमध्ये तो कुणी वापरला नव्हता, बार्ब्रोनं नाही, तिनंही नाही.

"तो मेला," ती म्हणाली.

"काय? हळू सांग."

"मेला. माझा भाऊ मेला."

"परत एकदा?"

"माझा. भाऊ. मेला." तिनं एकेक अक्षर सुटं करून म्हटलं, तलावाच्या काठावरून मुलांना हात कसा मारायचा ते सांगावं तसं.

ओर्नेलानं शब्दकोशाची पानं उलटली. बोट एका ओळीवर थांबलं. तिनं चष्मा काढला. मायवोरला वाटलं, आता ही इटालियनमध्ये सुरू होणार, हाय हाय करणार. पण ओर्नेलाही नियमाची पक्की. तिला येत होते ते मोजकेच प्रश्न होते, तेच तिनं विचारले.

"त्याचं नाव काय?"

"स्टाफान."

"स्टाफान कुठे राहतो? राहत... होता?"

"माझ्या जवळ. पुलापलीकडे."

"त्याला काय आवडत होतं?"

"बिअर," मायवोर म्हणाली. "त्याला बिअर आवडायची. त्याला फिनिश आवडायची. त्याला फिनिश अजिबात येत नव्हती."

तिचा आवाज नेहमीसारखाच सपाट होता. ओर्नेला वाक्य जुळवत होती. जुळवलं ते व्याकरणात तीन ठिकाणी चुकलेलं होतं.

"मी चांगला तो भाऊ, ऐकते," ती म्हणाली.

मायवोरनं दुरुस्त केलं नाही.

गुरुवारी बार्ब्रोकडे वाटाण्याचं सूप होतं. सुपात घालायची वाटलेली मोहरी मागता मागता मायवोर म्हणाली, "बार्ब्रो, स्टाफान मेला गं." बार्ब्रोनं चमचा खाली ठेवला. "हो," ती म्हणाली, "मेला." मग बार्ब्रो रडली, मोठ्यानं, नाक पुसत, आणि मायवोर तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. तिचे डोळे कोरडेच राहिले. सूप गार झालं, ते तिनं परत गरम केलं.

फिनिशची पुस्तकं तिनं वाचनालयाला देऊन टाकली. तो दोघांचा खेळ होता, एकटीनं खेळायचा नव्हता. पोर्तुगीज कपाटात गेली. पुढं कधी वाटलं तर बघू. इटालियन मात्र राहिली. मन लागलं म्हणून नव्हे. रविवारी पलीकडे कुणीतरी लिपस्टिक लावून बसलेलं असतं म्हणून.

मे महिन्यात माल्मोहून फोन आला. ओर्नेला आनंदानं ओरडत होती. नातवानं तिला शब्दागणिक दुरुस्त केलं होतं, हसला होता, आणि मग तिच्या मांडीवरच येऊन बसला होता. तिनं फोन त्याच्या हातात दिला. एलियो भडाभडा काहीतरी बोलला. स्वीडनच्या दक्षिणेकडची, घशातून येणारी, खरखरीत बोली. उत्तरेत जन्म काढलेल्या मायवोरला तिच्याच भाषेतलं एक अक्षर कळलं नाही.

"काय म्हणतोय हा?" तिनं इटालियनमध्ये विचारलं.

"मला काय विचारतेस?" ओर्नेला पलीकडून म्हणाली. "स्वीडिश तू की मी?"

मायवोरच्या घशातून एक आवाज निघाला. हसण्यासारखा. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि पोराला म्हणाली, "बोल, बोल. मी ऐकतेय."