पलीकडचा तुकडा

मित्रांनो, मी एक जुनी सायकलवाट आहे. खरे सांगायचे तर अर्धीच. नदीच्या पुराने माझा मधला भाग नेला. तुमच्याशी बोलतो आहे तो गावाकडचा तुकडा. पलीकडच्या तुकड्याचे म्हणणे मला आता ऐकू येत नाही.

मला घडवताना आधी खडी पसरली, मग मुरूम, मग रोलर फिरला. मुकादम ओरडत होता, "नीट दाबा रे! उद्या लोक हिच्यावर हवा खायला येणार."

लोक आले. सुट्टीच्या दिवशी तर मुंग्यांसारखे. पण माझे कान असायचे एका जोडसायकलीकडे. तिला पुढेमागे दोन सीट. पुढे शिंपीकाका, मागे काकू. काकूंना दिसत नव्हते. काका त्यांना दिसेल ते सांगायचे, आणि न दिसेल तेही.

"समोरून एक बाई येतेय. कुत्र्याला मागच्या सीटवर बसवलंय."

"थापा नका मारू. भुंकला असता."

"लाजराय गं तो."

पलीकडे माझा सरळसोट पट्टा होता, दोन्ही बाजूंना कठडा. तिथे पोचले की काका उतरायचे, "बसा बाईसाहेब," म्हणायचे आणि स्वतः मागे जायचे. हँडल काकूंच्या हाती. तेवढाच वेळ काकू कुणाच्या मागे नसायच्या. त्यांचे हसणे मला इथवर ऐकू यायचे.

मधल्या भागात काठावर जुनी झाडे होती. लोकांची तक्रार, झाडांमुळे नदी दिसत नाही. झाडे तोडली, मुळांसकट उपटली. माझे फोटो निघाले, कौतुक झाले. काकूंनी मात्र तिथे पोचताच विचारले, "अहो, सावली कुठे गेली?"

काका जोरजोरात पॅडल मारू लागले.

मग पूर आला. पाणी माझ्या अंगावरून धावू लागले. झाडांनी धरून ठेवलेली माती आता उघडी होती. नदीने आधी तीच खरवडली, आणि मग मला मधोमध एक

 

 

इथे माझा मधला भाग होता. पुढचे तोच सांगू शकला असता.

पाणी ओसरल्यावर मुकादम आला. माझ्या तुटक्या टोकाशी त्याने दोरी बांधली. तेवढ्यात जोडसायकल आली.

"कधी जोडणार हो?" काकांनी विचारले.

"कशावर जोडू, काका? खाली जमीनच नाही राहिली. आणि मोठ्या रस्त्याने फिरून जायचा विचारही करू नका. नुसते ट्रक आहेत."

मुकादम गेला. काकूंनी पुढे होऊन दोरी चाचपली. खाली नदीचा आवाज होता. काका घसा खाकरून म्हणाले, "अगं, इथेच बस की पुढे."

"इथे वळणं आहेत. कठडाही नाही."

"मी सांगतो ना, डावीकडे, उजवीकडे."

काकू पुढे बसल्या. हँडल घट्ट धरले. चाक वीतभर हलले आणि थांबले.

"काय झालं?"

"नको. तुमचा आवाज कापतोय."

त्या उतरल्या आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या. परत जाताना काकांनी त्यांना काहीच सांगितले नाही, खरे नाही की खोटे नाही. त्यानंतर जोडसायकल माझ्यावर आली नाही.

मित्रांनो, गेलेली झाडे मी परत मागत नाही. पण नवी लावा, आणि ती मोठी होईपर्यंत धीर धरा. मला पुन्हा बांधाल तेव्हा काठापासून लांब बांधा. पुरात नदीला अंग पसरायला जागा लागते, आणि ती तिचीच असते. आणि कुणी लांबच्या रस्त्याने पलीकडे गेलातच, तर त्या सरळ पट्ट्यावर गवत माजले असेल, तेवढे काढा. कठड्याचा गंज घासा. त्या तुकड्याला सांगा की मी इकडे आहे. बिचाऱ्याला वाटत असेल, वाहून गेले ते मीच.