खोगिराचा वास

“हल्ली दोऱ्याला टोकच नसतं,” आर्लन पुटपुटला. “आणि सुईला भोक पाडायचं विसरतात लेकाचे.”

मी त्याच्या पाठीमागे, हातभर अंतरावर भांडी विसळत होते. वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याचा उजवा हात दिसला असता, आणि तो हात न बघण्याची मला आता चांगली सवय झाली होती. शिवाय वळलं की वास थेट नाकात. त्यापेक्षा साबणाच्या फेसात तोंड घालून उभं राहिलेलं बरं.

वास हरणीच्या मुताचा होता. माजावर आलेल्या हरणीचं मूत बाटलीत भरून विकतात. नर भुलून झाडाखाली यावा म्हणून शिकारी ते शिंपडतात. सप्टेंबर सरत आला की आमच्या फ्रिजच्या दारात ती बाटली येऊन बसते, दूध आणि केचप यांच्या मधे, घरच्या माणसासारखी. इतकी वर्षं मी काही बोलले नाही. झाकण घट्ट असलं की कशाबरोबरही संसार करता येतो. यंदा झाकण नीट लागलं नव्हतं. बाटली खोगिराच्या डब्यात आडवी झाली, आणि खोगिराच्या आतला फोम ती सगळी प्यायला. मग तो डबा तळघरात, हीटरच्या उबेला पडून राहिला. त्या उबेत त्याचं जे काही झालं ते कसं सांगू? सडक्या कांद्यावर बोका मुतावा आणि मग तो बोकाही तिथेच मरून पडावा, तसं काहीतरी.

आणि आर्लन ते मांडीवर घेऊन, जेवणाच्या टेबलावर मशीन मांडून शिवत बसला होता.

खोगीर घोड्याचं नव्हे, झाडाचं. बुंध्याला दोर बांधायचा, त्याला पट्ट्यांची झोळी अडकवायची, आणि तीन-चार पुरुष उंचीवर त्या झोळीत बूड टेकून, पाय खोडाला लावून, धनुष्य घेऊन हरणाची वाट बघायची. दुकानात हवी तेवढी मिळतात. पण आमच्या सरोवराकाठचे पुरुष विकतच्या खोगिरात बसत नाहीत. “जीव टांगायचा तर आपल्या टाक्यावर,” म्हणतात. शर्टाचं बटण तुटलं की बायकोपुढे टाकणारी ही माणसं खोगीर मात्र स्वतः शिवतात. तेही माझ्या आईच्या लोखंडी मशीनवर, तिची सगळी चाकं तेलात आणि देव जाणे कशाकशात बरबटवून.

मी बोटींची ताडपत्रीची आच्छादनं शिवते. शिवण मला कुणी शिकवली नाही, उसवून उसवून आली. त्यामुळे टाका पाहिला की शिवणाऱ्याचा दिवस कसा गेला ते कळतं. आर्लनचा यंदाचा टाका गुत्त्यातून बर्फावरून घरी निघालेल्या माणसाच्या पावलांसारखा होता. वरचा दोरा आवळलेला, खालचा सैल. टाक्यांनी पट्टा धरलाच नव्हता, नुसते त्याच्यावर पडून होते.

“आर्लन, खोगीर जरा बाहेर ठेवू? वाऱ्यावर?”

“नको. शेजाऱ्यांनी शेगडी पेटवलीय. धुराचा वास लागेल खोगिराला.”

मी ताट इतकं घासलं की त्यावरचं फूल गेलं.

वासाची काळजी! या माणसाच्या घरात शरद ऋतूत कांदा परतायचा नाही. सुवासिक साबण नाही, केसांना तेल नाही, कपडे खायच्या सोड्यात धुवायचे. हरणाचं नाक म्हणजे आमच्याकडे देव. सख्ख्या बहिणीच्या लग्नात मी अत्तराचा थेंब न लावता गेले, कारण लग्न ऑक्टोबरात होतं आणि आम्ही एकाच गाडीतून जाणार होतो. अंथरुणात कूस बदलून “गावात लसूण खाऊन आलीस ना?” म्हणणारा हा माणूस. आणि वसंतात एका सकाळी टोस्ट जळून काळा कोळसा झाला, स्वयंपाकघरात धूर कोंडला, तरी हा टोस्टरशेजारी बसून शांतपणे वर्तमानपत्र वाचत होता. खिडकी मीच उठून उघडली. हाताचं तर त्याआधीच सुरू झालं होतं. नुसता मांडीवर ठेवलेला असला तरी अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत राहायची, पातेल्यात मीठ भुरभुरवावं तशी. “करवतीचा हात आहे,” आर्लन म्हणायचा. “जन्मभर लाकूड तोडलेल्या सगळ्यांचे होतात असे.” आणि आम्ही सगळे म्हणायचो, हो, करवत वाईटच.

कारण आम्ही सगळ्यांनी वॉल्ट पाहिला होता. वॉल्ट हा आर्लनच्या जिवलग दोस्ताचा, लायलचा बाप. कंपवातानं गेला. शेवटच्या हिवाळ्यात चर्चच्या शुक्रवारच्या मासे-जेवणात लायल त्याच्या गळ्याला लहान पोरासारखा रुमाल बांधायचा, तरी घास तोंडापर्यंत पोचायचा नाही. परतताना गाडीत आर्लन म्हणाला होता, “नॉरीन, माझं असं झालं तर मला टेकडीवर नेऊन ठेव. कोल्ह्यांचं तरी पोट भरेल.” हसला नव्हता.

गुरुवारी शिकारीचा मोसम उघडणार होता. त्याआधीच्या शनिवारी खोगिराची परीक्षा, ही इथली रीत. अंगणातल्या मेपलला खोगीर गुडघाभर उंचीवर बांधायचं आणि टोळीतल्या सगळ्यात जड माणसानं आधी त्यात बसून उसळ्या मारायच्या. शिवणारा सगळ्यात शेवटी.

सगळ्यात जड लायल. शनिवारी त्यानं दारातून आत पाऊल टाकलं आणि त्याच्या नाकपुड्या अशा मिटल्या की मिशा वर गेल्या. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. तरी म्हणतो कसा, “वा, आर्लन! काय टाका आहे! अगदी मशीनचा वाटतो.”

“मशीनचाच आहे,” मी म्हणाले.

“तेच म्हणतोय मी.”

मागून रुथॅन आली, आर्लनची थोरली बहीण. दोन्ही हातांत मांस-बटाट्याच्या गरम पॅस्टींचं ताट. उंबऱ्यातच थांबली. “आज बाहेर खाऊ या. किती छान हवा आहे!”

बाहेर बारीक गार पाऊस होता आणि दात वाजतील असा वारा.

“नॉरीन,” माझ्या कानाशी लागून ती म्हणाली, “तुमचं गटार तुंबलंय का गं?”

“नाही.”

“मग ठीक आहे,” म्हणाली, आणि गाडीत जाऊन काच वर करून पॅस्टी खात बसली. सख्खी बहीण! एरवी तिची जीभ निखाऱ्याला लाजवील, आणि नेमकं आज तोंडात पॅस्टी.

मला त्या वासापेक्षा या दोघांची जास्त किळस आली, हे खरं सांगते. मूत निदान आपण मूत आहे हे लपवत नव्हतं.

आर्लननं मेपलला दोर बांधला. बराच वेळ लागला. लायल तेवढा वेळ ढगांकडे बघत होता, जणू वर कुणी ओळखीचं राहतं. मग आर्लननं खोगीर पुढे केलं. “बस, जाड्या. उसळ चांगली.”

लायलनं खोगिराकडे पाहिलं, टाक्यांकडे पाहिलं, आणि कमरेवर हात ठेवला. “काल पाठ धरलीय रे. लाकडं रचताना. मला वाटतं चांगलंच झालंय. बसायची गरजच नाही.”

“गरज नाही?”

“तुझा टाका म्हणजे... तुझा टाका.”

“बरं, मग मीच बसतो. आणि गुरुवारी थेट ओढ्याकाठच्या हेमलॉकच्या झाडावर.”

गुरुवार. ओढा. चार पुरुष उंच. त्या सैल दोऱ्यावर. मी हात पुसले. “थांब. मी बसते.”

“तू? बायका नाही बसत.”

“ते मशीन कुणाच्या आईचं? सरक.”

खोगिराचा फोम ओला होता. पँटमधून, चड्डीतून गार ओल आत शिरली आणि अंगावर शिसारी आली. तोंडानं श्वास घेतला तर चवच लागली, ते आणखी वाईट. आर्लन माझ्यापुढे वाकून दोराच्या लोखंडी कडीचा आटा फिरवत होता. फिरत नव्हता. अंगठा आट्यावरून घसरायचा, परत यायचा, पुन्हा घसरायचा. त्याचे पांढरे होत आलेले केस माझ्या हनुवटीखाली होते, आणि त्यांना कशाचाही वास नव्हता, सोड्यात धुतलेले स्वच्छ केस. मी हळूच त्याच्या हाताखालून हात घातला आणि कडी बंद केली. आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

“उसळ,” तो म्हणाला.

मी उसळले. एकदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा टर्रर्र करून डावीकडचा पट्टा झिपरसारखा उघडत गेला आणि मी चिखलात बुडावर आपटले. वर ते खोगीर माझ्या मांड्यांवर, थबथबलेलं.

“नॉरीन!” लायल धावला. पाठ धरली होती ना त्याची? हरणासारखा धावला. रुथॅनही गाडीतून उतरली, हातात अर्धी पॅस्टी.

आर्लन उसवलेला पट्टा उलटसुलट करून बघत होता. “दोरा खराब. मी म्हटलंच होतं, हल्लीचा दोरा... उद्या पुन्हा शिवतो. दुहेरी. गुरुवारपर्यंत आरामात होईल.”

“होईल की,” रुथॅन म्हणाली.

“आरामात,” लायल म्हणाला.

मी उठले नाही. चिखलातच बसून राहिले. तो फोमचा भाग दोन्ही हातांनी धरला, पिळला, बोटांमधून पिवळट पाणी गळलं, आणि आर्लनची कॉलर धरून त्याला खाली ओढून मी ते त्याच्या नाकाला लावलं. रुथॅननं तोंडावर हात धरला. लायल मागे सरला.

“घे वास.”

“काय करतेस?”

“घे म्हणते ना.”

त्यानं घेतला. खोल घेतला, छाती फुगवून, मोसमाच्या पहिल्या पहाटे जंगलात घेतो तसा. मग सोडला. माझ्याकडे पाहिलं, मग लायलकडे, मग बहिणीकडे. तिचे डोळे वाहत होते आणि ते वासानं की कशानं, कोण जाणे.

“ओल्या कापडाचा,” तो सावकाश म्हणाला. “थोडा चिखल.” आणि मग, अगदी लहान आवाजात, “नाही?”

त्याच्या मांडीवरचा हात मीठ भुरभुरवत राहिला. या वेळी मी तिकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं.

लायलनं टोपी काढली. पावसात त्याचं टक्कल भिजायला लागलं.

“माझ्या बापाचंही आधी नाकच गेलं होतं,” तो म्हणाला. “आम्ही सगळे म्हणायचो, सर्दी आहे. आर्लन, तुला तेच झालंय. वॉल्टला होतं तेच. तू झाडावर चढायचं नाहीस.”