क्लायमॅक्सला अडकलेला पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे, नाटकाचा. ढाणकीजवळच्या एका गावातल्या दुर्गोत्सव मंडळाने मला उमरखेडच्या शिंप्याकडून शिवून घेतले. पहिल्या वर्षी माझी लाल मखमल अशी चकाकत होती, की लोक नाटकापेक्षा मलाच जास्त पाहत. नाटकही तसेच होते म्हणा.

माझे काम सोपे. मंडळाच्या उकंडाभाऊंनी दोरी ओढली की वर जायचे, सोडली की खाली यायचे. मी खाली आलो की टाळ्या पडत. त्यामुळे नाटकात ज्याला क्लायमॅक्स म्हणतात तो म्हणजे मीच, असा माझा समज झाला.

बाकी वर्षभर मी माळ्यावर पडून असे. उंदरांनी मला कुरतडले, मखमलीचे टक्कल पडले. यंदा मंडळाचे अध्यक्ष मारोतराव म्हणाले, "नाटक पाहाले येते कोन? औंदा जमलं नाही, त पुढच्या साली डीजे!"

डीजेला पडदा लागत नाही. सोयाबीनची पोती झाकायला मात्र लागतो.

यंदाचे नाटक पुसदच्या कॉलेजात शिकणाऱ्या दीपमालाने लिहिले होते. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, कडुनिंबावरून दोन भाऊ भांडतात, अशी गोष्ट. तालमीत मारोतरावांनी विचारले, "पोरी, क्लायमॅक्स कुठी हाये? तवाच पाहुन्याचा सत्कार ठेवू."

"काका, क्लायमॅक्स म्हंजे शेवट नाही," दीपमाला म्हणाली. "भांडन वाढत वाढत जिथं येऊन श्वास अटकते, आता इकडं नाही त तिकडं, तो क्लायमॅक्स. मोठा भाऊ कुऱ्हाड उचलते, धाकट्याची बायको झाडाले मिठी मारते. शेवट मंग येते, दोघं भाऊ जेवाले बसते तवा."

"म्हंजे पडदा पडते, तो नव्हे?"

"पडदा पडते तवा लोकं चपला शोधते, काका."

मित्रांनो, मला फार लागले.

नाटकाच्या दिवशी मांडव भरला. धाकट्याच्या बायकोचे काम दीपमालाच करत होती. मोठ्या भावाची कुऱ्हाड वर गेली, दीपमाला झाडाला बिलगली, मांडवातली रडकी पोरेही गप्प झाली. नेमके तेव्हाच विंगेतून मारोतराव कुजबुजले. कुजबुजणे त्यांना जमत नाही. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेले.

"उकंडा, पाड पडदा! पाहुने निघून राह्यले, शाल-नारळ उरकून टाकू!"

मी निम्मा खाली आलो आणि थांबलो. लोकांना आता फक्त पाय दिसत होते, आणि कडुनिंब ज्यात रोवला होता तो तेलाचा डबा.

"काय झालं बे?"

"दोरी अटकली, अध्यक्षसाहेब."

दोरी अडकली नव्हती. माझीच दोरी, मला माहीत असणारच. उकंडाभाऊंनी ती मनगटाला गुंडाळून घट्ट धरली होती.

पुढच्या रांगेतून म्हाताऱ्या रुखमाबाई ओरडल्या, "अबे मारोत्या, तुहा नारळ उद्या दे! पयले सांग, झाड तोडलं का नाही?"

मांडवात हशा पिकला. उठलेले पाहुणे पुन्हा खुर्चीत बसले. "मले बी पाह्यचं हाये," ते ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी बंद कर."

'अडकलेली' दोरी ताबडतोब मोकळी झाली. उकंडाभाऊंनी ती ओढली. मी वर गेलो.

कुऱ्हाड अजून हवेतच होती. तिच्या वजनाने त्या बिचाऱ्या नटाचा हात थरथरत होता. लोकांना तो अभिनय वाटला. मग कुऱ्हाड गळून पडली. टाळी वाजली नाही, कुणी खाकरलेही नाही. एवढी भरगच्च शांतता मी कधी ऐकली नव्हती. माझ्याकडे कुणाचेच लक्ष नव्हते, आणि मला पहिल्यांदाच त्याचे वाईट वाटले नाही.

भाऊ जेवायला बसले, मी खाली आलो, टाळ्या थांबेनात. मारोतरावांनी माइक धरला. "पुढच्या सालीबी नाटकच! सत्कार आंधी उरकू!"

तर मित्रांनो, मला ठिगळ लावा, माळ्यावर डांबराच्या गोळ्या टाका, एवढे मागणे आहेच. शिवाय, कुणी जीव तोडून गोष्ट सांगत असेल तर ती ऐन भरात असताना मला पाडायची घाई करू नका. मी कुठे जात नाही. वरच असतो.